वजा केलेलं पान

अहो,

काल दुपारपासून तुम्ही मेलात हे घरात फक्त मला माहीत आहे. आत्याबाईंना सांगितलेलं नाही, मनूलाही नाही. काल घरी गेले, भाकरी थापल्या, मनूचा गणिताचा अभ्यास घेतला आणि आज सकाळी आरशात बघून कुंकूसुद्धा लावलं. एक दिवस तुम्हाला आणखी जिवंत ठेवलं म्हणा ना! पण आज सांगायलाच हवं. शब्द तोंडातून फुटेल की नाही याची खात्री नाही, म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे. लाईट गेली आहे, कॅफेतले सगळे कंप्युटर बंद पडलेत, गिऱ्हाईक नाही.

ही कुठल्या कॅफेत बसली, असं विचाराल. तुम्ही गेल्यावर दोन वर्षं एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात दाणे निवडले. मग कंप्युटरचा क्लास केला, आणि आता तीन वर्षं स्टँडजवळच्या या नेट कॅफेत काम करते. पोरांचे निकाल काढून देते, नोकरीचे फॉर्म भरते. बारावी झालेली बायको केली म्हणून हसनाबादला सगळे तुम्हाला चिडवायचे, आठवतं?

तुम्ही निघालात तो दिवस मी रोज आठवते. रोलिंग मिलची भट्टी बंद होऊन चार महिने झाले होते. तुम्ही घरी बसून होतात आणि माझी जीभ सैल सुटली होती. काम लागल्याशिवाय तोंड दाखवू नका, असं मी म्हणाले. तुम्ही पिशवी उचललीत, गुजरातेत बघतो म्हणालात, आणि दारातून 'जातो' म्हणून बाहेर पडलात. आत्याबाईंनी तुम्हाला फाटकातून परत बोलावलं. 'येतो' म्हणवून घेतलं, तेव्हाच सोडलं. घरातलं कुंकू संपलं तर ते वाढलं म्हणायचं, काकण फुटलं तरी वाढलं म्हणायचं, हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्यांच्या घरात अभद्र शब्दाला जागा नव्हती.

मग सहा वर्षं काहीच नाही. शेजारच्यांकडे फोन करतो म्हणाला होतात ना? एक तरी करायचा होता! पोलिसांत नोंद केली, मामंजी असते तर सुरतेपर्यंत जाऊन आले असते, पण आम्ही दोघी बायका कुठे जाणार होतो? लोक म्हणायला लागले की त्यानं तिकडं दुसरं बिऱ्हाड केलं. मला आधी ते खोटं वाटलं, मग खरं वाटायला लागलं, आणि खरं सांगू, शेवटी ते खरं असावं असंच वाटायला लागलं. निदान ती बाई तुम्हाला जेवायला तरी घालत असेल. त्या न दिसलेल्या बाईला मी रोज शिव्या दिल्या, आणि तुम्हालाही दिल्या. त्या तेवढ्या परत घेते.

क्लासमध्ये सरांनी नेटवर शोधायची रीत शिकवली होती. नुसता शब्द टाकला तर हजार पानं येतात. शब्दांना अवतरणचिन्हं लावली की तेच शब्द त्याच क्रमानं शोधतं. एकाच साईटमध्ये शोध म्हणून सांगता येतं. आणि एखाद्या शब्दाआधी वजा चिन्ह लावलं की तो शब्द ज्या ज्या पानावर असेल ते पान येतच नाही. मला हे सगळं फार आवडलं होतं. मी त्याच रात्री वहीत तुमची ओळ तयार केली. तुमचं नाव, जालना, हसनाबाद, उजव्या मनगटावरचं 'सुमन' हे गोंदण, यांतलं एखादं जुळलं तरी पान यावं अशी. पुरुषानं बायकोचं नाव गोंदवून घेतलं म्हणून देवीच्या यात्रेत सगळ्यांसमोर आत्याबाई तुमच्यावर केवढ्या चिडल्या होत्या! मला मात्र तेव्हा बरं वाटलं होतं.

आत्याबाई दर रविवारी माझ्याबरोबर कॅफेत यायच्या. बाजूच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायच्या आणि पडद्यावर जे येईल ते मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. पहिल्याच रविवारी काय आलं सांगू? ट्रक उलटून मेलेले, विहिरीत सापडलेले, बेवारस मृतदेह, ओळख पटवा. मी अडखळत वाचत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"जित्या माणसाला मढ्यात कशाला शोधून राह्यली?" त्या म्हणाल्या. "काढ ते बाजूला. असं अभद्र वाचू न्हाई."

मी काढलं. मृत, मृतदेह, प्रेत, शिवाय जेवढे इंग्रजी शब्द मला येत होते तेवढ्या सगळ्यांच्या आधी वजा लावला. पडदा एका क्षणात स्वच्छ झाला. उरली ती मिलच्या जाहिरातींची, कबड्डीच्या सामन्यांची, कुणाकुणाच्या लग्नपत्रिकांची पानं. आत्याबाई म्हणाल्या, "हां, आता बराबर." वहीतली ओळ मी तशीच वजांसकट उतरवून घेतली आणि तीन वर्षं तीच ओळ टाकत राहिले. तुम्हाला शोधते आहे असं मला वाटत होतं.

दुसऱ्यांसाठी शोधताना मी एकदाही वजा लावला नाही, हे कालपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं! काल जाफराबादहून एक बाई आल्या. भाऊ दोन वर्षांपासून बेपत्ता. आधी जिवंत माणसांत बघू का, असं मी जपून विचारलं. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, मेल्याचंबी बघा. जे आसंल ते आसू द्या. आता वाट बघायची ताकद न्हाई ऱ्हायली."

त्यांचा भाऊ सापडला नाही. त्या जीप पकडायला गेल्या आणि मी तशीच बसून राहिले. मग वही उघडली, तुमची ओळ टाकली, आणि एकेक वजा पुसत गेले. शेवटचा वजा पुसायला मला किती वेळ लागला, ते कुणाला सांगूनही कळणार नाही.

चौथ्या जागी तुम्ही होतात.

परराज्यातल्या एका जिल्ह्याच्या पोलिसांचं पान. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, रेल्वे रुळाजवळ. डाव्या करंगळीचं टोक नाही. ते मिलमध्ये गेलं होतं, मीच पट्टी बांधली होती. उजव्या मनगटावर देवनागरीत 'सुमन'. खाली तारीख होती, तुम्ही घरातून निघाल्याच्या अकराव्या दिवसाची. अकरा दिवस! म्हणजे मनूला मी ज्या दिवाळीत बाबा फटाके आणतील म्हणून सांगितलं, त्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. आणि पान टाकलं होतं मी शोधायला लागले त्याच्या आधीच. पहिल्या रविवारी ते त्या गर्दीत कुठेतरी असणारच. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसलो होतो आणि मी ते माझ्या हातानं बाजूला केलं.

आज सकाळी बूथवरून तिथल्या नंबरवर फोन लावला. हवालदार हिंदीत बोलत होता, बरा माणूस होता. चौथ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले, कुणी आलं नाही म्हणून त्यांनीच केले. फाईल आहे, फोटो आहेत, या आणि सही करा, म्हणाला. मृताच्या तुम्ही कोण, असं त्यानं विचारलं. मी फोन ठेवून दिला. उद्या परत लावीन.

तुम्ही पडलात की कुणी ढकललं, की माझं ते वाक्य डोक्यात घेऊन तुम्हीच रुळावर गेलात? हे मला कुठलंही चिन्ह लावून सापडणार नाही. ते मी माझ्याबरोबर नेईन. पण चिठ्ठी तरी ठेवायची खिशात, गावाचं नाव असलेली! एवढं साधं तुम्हाला सुचलं नाही याचा मला अजून राग येतो.

आता लाईट आली आहे. दोन पोरं दारात उभी आहेत, त्यांचं काम करून देते आणि दुकान बंद करून निघते. घरी गेल्यावर आत्याबाई विचारतील, काही मिळालं का. मी त्यांच्यासमोर बसेन आणि मेले असंच सांगेन, दुसरा कुठलाही शब्द वापरणार नाही. गोंदण सांगेन, करंगळी सांगेन, तारीख सांगेन. मनूलाही जवळ बसवीन.

मग त्या विचारतील, एवढी वर्षं शोधून राह्यली, आजच कसं सापडलं? मी सांगेन, ते पान कालच आलं, आत्याबाई. त्याआधी ते नव्हतंच. त्या पहिल्या रविवारबद्दल त्यांना माझ्याकडून कधीच काही कळणार नाही, त्या आहेत तोवर. हा माझा तुम्हाला शब्द.

तुमची,
सुमन