बंगईखालचा लॅपटॉप

मोर्शी,
संत्र्याच्या मृग बहाराची तोड सुरू

ती. धर्मपालदादा यांना,

लहान मावसभाऊ गजेंद्रचा वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, तिकडेही तसेच असावे. वहिनींच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा करतो. संत्र्यांची पेटी ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिली होती, ती पोचली असेल. (वरच्या थरातली फळं मऊ निघाली असतील तर तो दोष माझा नाही, पेटी बाबांनी भरली.) आईने तुमच्या तब्येतीची चौकशी केली आहे आणि पुण्यात राहून तुम्ही जेवताना किती पोळ्या घेता हे विचारायला सांगितलं आहे. उत्तर सवडीने कळवावे.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर मी काहीही सांगायला लागलो की तुम्ही "बंद करून सुरू केलास का?" एवढंच विचारता आणि मग तुमची मीटिंग लागते. कागद मध्येच तोडत नाही. शिवाय घडलं ते क्रमाने सांगितलं नाही तर त्यात माझी चूक जास्त दिसेल.

दिवाळीत तुम्ही तुमचा जुना लॅपटॉप मला दिलात आणि सांगितलंत की यात विंडोज नाही, लिनक्स आहे, ते फुकट असतं, त्याला व्हायरस लागत नाही आणि ते कोणाच्या मालकीचं नाही. शेवटचं वाक्य बाबांना पटलं नाही. मालकाशिवाय वस्तू चालते कशी, हे ते अजून विचारतात. पण लॅपटॉप घरात आला त्याच आठवड्यात त्यांनी गावभर सांगितलं की आमचा गजेंद्र कंप्युटरमध्ये आहे. मी दलालाकडे संत्र्याच्या पेट्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. बाबांचंही चुकलं म्हणता येत नाही. अलीकडे आमच्याकडे मुलगा शेतीवाल्याचा आहे असं म्हटलं की मुलीकडचे लोक हातातला चहा खाली ठेवतात. (एका ठिकाणी तर अर्धा प्यालेला ठेवला.) आमच्या तालुक्यात पिकाचं नुकसान पाहायला मुंबईहून आणि दिल्लीहून पथकं येतात, बांधावर उभी राहतात, मान हलवतात आणि जातात. मुलीकडचेही तसेच येऊन गेले. कंप्युटर हा शब्द घरात आल्यापासून मात्र चहा संपवला जाऊ लागला, आणि अकोल्याचं स्थळ आलं.

मुलगी रागिणी. मला पसंत होती. तिला मी पसंत होतो की नाही हे मी विचारलं नाही, पण निघताना तिने मागे वळून आमच्या दारातल्या लिंबाकडे पाहिलं. (लिंबाखाली मी उभा होतो.) अडचण एकच होती, तिचे मामा. त्यांच्याकडे मामाच्या पसंतीशिवाय सुपारी फुटत नाही, आणि हे पुंजाराममामा मस्कतला एका गोदामावर सुपरवायझर आहेत. याआधीची दोन स्थळं त्यांनी नुसते प्रश्न विचारून मोडली. प्रश्नांचा कागद त्यांच्याजवळ असतो असं समजलं. त्यांना सुटी नव्हती, तेव्हा मुलगा आणि घर त्यांनी इंटरनेटवरून पाहायचं ठरलं. बाबा लगेच म्हणाले, "मंग त काहीच चिंता नाई. आमचा पोरगा त्याच्यातच हाय."

आता तुमच्या लॅपटॉपची हकिकत. माझा मित्र अफनान, त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. त्याने मला इंटरनेटची दांडी आणून दिली, पेनड्राईव्हसारखी असते ती. ती लावली तर लॅपटॉप म्हणाला, ही सीडी आहे. मी काढून पुन्हा लावली. पुन्हा सीडी. वस्तू समोर दिसत असताना तिला दुसरीच वस्तू म्हणणं हा प्रकार मी माणसांत पाहिला होता, यंत्रात पहिल्यांदाच पाहिला. तुम्ही फोनवर सांगितलेल्या ओळी मी पेटीच्या लेबलमागे उतरवून अक्षर अन् अक्षर टाईप केल्या, तेव्हा कुठे त्याने मान्य केलं. पण लॅपटॉप बंद करून सुरू केला की सगळं विसरून पुन्हा सीडी म्हणायचा, आणि मला त्याला पुन्हा पटवावं लागायचं. म्हणून मी तो बंद करणंच बंद केलं. मग आवाज येईना. त्यात पाच दिवस गेले आणि शेवटी असं निघालं की आवाज आधीपासून चालू होता, फक्त एका कोपऱ्यात मुका करून ठेवला होता. (असं आधीच मुकं करून देण्यामागे त्या लोकांचा काय विचार असेल, हे सवड मिळाली तर कळवा.)

सगळ्यात शेवटी कॅमेरा. कॅमेरा लागला, रंगही चांगले आले, पण त्यात मी उलटा दिसत होतो. डोकं खाली आणि गळा वर. माझ्यामागे भिंतीवरचं कॅलेंडरही उलटं. तुम्ही सांगितलंत की त्या कंपनीने कॅमेराच उलटा बसवला आहे, विंडोजला ते माहीत असतं आणि लिनक्सला सांगावं लागतं. मग तुम्ही एक लांबलचक ओळ सांगितली. ती मी टाकली. लॅपटॉप काहीच बोलला नाही. तुम्ही म्हणालात, काही बोलला नाही म्हणजे झालं. (हे मला लगेच समजलं, बाबांचंही तसंच आहे.) तरी मी उलटाच होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बंद करून सुरू कर." ते मी ऐकलं. केलं नाही. केलं असतं तर दांडी पुन्हा सीडी झाली असती, आणि मामांचा दिवस जवळ आला होता.

उपाय बाबांनी काढला. ते बराच वेळ माझ्या उलट्या तोंडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "कॅमेरा उलटा हाय ना? त लॅपटॉप उलटा कर." मी म्हणालो की तो उलटा उभा राहणार कसा. त्यावर त्यांनी ओसरीतल्या बंगईकडे बोट दाखवलं. आमची बंगई तुम्ही पाहिली आहे, सागवानी पाट आणि चार साखळ्या. लॅपटॉपचा बटनांचा भाग पाटाच्या खालच्या बाजूला सुतळीने बांधायचा, म्हणजे पडदा खाली लोंबतो, कॅमेरा उलटा होतो आणि उलट्याचा उलटा म्हणजे माणूस सरळ. आम्ही बांधून पाहिलं. अफनानने त्याच्या दुकानातून पाहिलं आणि सांगितलं, "एकदम सीधे दिख रहे भाई सब. चाची पण सीधी." आमच्या पडद्यावर मात्र अफनान उलटा दिसत होता, कारण पडदाच उलटा. बाबा म्हणाले, "पाहणारा सरळ पाहून रायला ना? आपन काय, मान वाकडी करू." मुलाकडच्यांनी मान वाकवायची हे आईला आवडलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून लोडशेडिंग होतं. ते नेहमीचंच, त्यामुळे मी गाफील नव्हतो, पण बॅटरी तुमच्या काळातली असल्याने लॅपटॉप आपणहून बंद पडला. वीज आल्यावर सुरू केला, दांडीला पुन्हा पटवलं आणि ठरल्याप्रमाणे बांधला. इतक्यात पाहुणे आले. रागिणी, तिचे आईवडील आणि आजी पार्बताबाई. मामा याच आजीचे चिरंजीव. सगळ्यांना सतरंजीवर बसवलं. बटनं आता जमिनीकडे तोंड करून होती, म्हणून मामांचा कॉल घ्यायला मी पाठीवर झोपून बंगईखाली सरकलो. रागिणीचे वडील माझे बाहेर राहिलेले पाय पाहून बाबांना म्हणाले, "पोरगा कामाचा दिसते." ट्रॅक्टरखाली मेकॅनिक असतो तसं त्यांना वाटलं असावं. बाबांनी नुसतं हूं केलं.

मामा दिसले, अपेक्षेप्रमाणे उलटे. आम्ही सगळ्यांनी माना वाकड्या करून नमस्कार केला. खाली कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आम्ही स्वतः अगदी सरळ दिसत होतो, त्याचं मला समाधान वाटलं. मामा काही क्षण आमच्याकडे टक लावून पाहत राहिले. मग तिकडे काहीतरी गडबड झाली. पडद्यावर पंखा दिसला, भिंत फिरली, एक चप्पल दिसली आणि मामा आपोआप सरळ झाले. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "पाय, समजलं त्याले." म्हणजे लॅपटॉपला. आमच्या माना सरळ झाल्या आणि वातावरण मोकळं झालं.

तेवढ्यात पार्बताबाई उठल्या आणि बंगईवर जाऊन बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. त्यांना उठा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. बसल्यावर त्यांनी सवयीने पायाने हलकासा झोका दिला. आता कॅमेरा मागेपुढे होऊ लागला, आणि मी चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून त्याच्याबरोबर मागेपुढे होऊ लागलो. मामांनी एकच प्रश्न विचारला, "पोरगा हालून काहून रायला?" त्यावर वरून पार्बताबाईंचा आवाज आला, "तो नाई हालत पुंजा, मी हालून रायली. तू गप पाय." स्वतःच्या आईचा आवाज असा वरून आल्यावर मामांनी तो प्रश्न सोडून दिला. मी शिक्षणाच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. बारावी नापास, इंग्रजी आणि फिजिक्स, असं खरं उत्तर द्यायचं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि ते दिल्यावर पाहुणे चहा कुठे ठेवतील याचाही विचार केला होता. पण मामांनी कागद काढलाच नाही. तासभर ते "बरं", "हो", "चांगलं हाय" एवढंच म्हणत राहिले. चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घाम होता. बाबा म्हणाले, तिकडे ऊन फार. शेवटी मामा म्हणाले, "माह्याकडून पसंत हाय. आता ठेवतो." ते इतक्या घाईने म्हणाले की आईला शंका आली. रागिणी मात्र पूर्ण वेळ पदर तोंडाशी धरून बसली होती. ती लाजते आहे असं आईचं म्हणणं पडलं.

तर असं झालं, दादा. सुपारी फुटली. लग्न वैशाखात आहे, पत्रिका छापून आली की पाठवतो. तुमच्या लॅपटॉपला तुम्ही टाकाऊ म्हणाला होतात, पण आमचं काम त्यानेच केलं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, वहिनींनी जिना चढू नये असं आईने सांगितलं आहे.

तुमचा,
गजेंद्र चंद्रभान

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण पुढे आहे. परवा मामांचा फोन आला. मला "जावईबापू" म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले की त्या दिवसापासून त्यांचा लॅपटॉप बिघडला आहे. कॉल लागला तर त्यात आम्ही सगळे उलटे, म्हणून त्यांनी आपलाच लॅपटॉप उलटा करून दोन्ही हातांनी तासभर धरून ठेवला. सोयऱ्यांसमोर आपल्या वस्तूचा दोष कसा सांगायचा, म्हणून बोलले नाहीत. तेव्हापासून जास्त बिघडू नये म्हणून त्यांनी तो उघडलेलाही नाही. मी फोन ठेवला, आमचा लॅपटॉप सरळ ठेवून कॅमेरा लावला, तर मी सरळ दिसलो. म्हणजे तुमची ती ओळ बरोबर होती. लोडशेडिंगने त्याला बंद करून सुरू केलं आणि कॅमेरा सकाळीच सुधारला. सुधारलेला कॅमेरा आम्ही उलटा टांगला आणि मामांना तासभर उलटे दिसलो. (उलट्या पडद्यावरच्या चौकटीत आम्ही सरळ दिसत होतो म्हणजे तिकडे उलटे, हे मला आता समजलं.) आता मामा त्यांचा लॅपटॉप लग्नाला घेऊन येणार आहेत, जावयाकडून दुरुस्त करून घ्यायला. तो पूर्ण चांगला आहे, त्यामुळे मला तो दुरुस्त करता येणार नाही. तरी विनंती की तुम्ही लग्नाच्या आठ दिवस आधी यावं, लिनक्सची सीडी सोबत आणावी आणि ते मामांच्या लॅपटॉपमध्ये टाकून त्याचा कॅमेरा आधी आमचा होता तसा उलटा करून द्यावा. मग सरळ मी करीन. ती ओळ माझ्याकडे आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. रागिणीचा फोन आला. मला राहवेना, मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच समजलं होतं. ती अकोल्याला कंप्युटर क्लासमध्ये शिकवते, हे आमच्याकडे कोणी विचारलंच नव्हतं. मामा सरळ झाले त्याच वेळी तिने ओळखलं की त्यांनी लॅपटॉप उलटा धरला आहे. मी म्हणालो, मग बोलल्या का नाही. म्हणाली, "बोलली असती त मामाचे हात मोकळे झाले असते. हात मोकळे झाले असते त त्यायनं कागद काढला असता." मी बारावीचं सांगू लागलो तर म्हणाली, "ते मले माहीत हाय. आमी मोर्शीत विचारूनच आलो होतो." मग म्हणाली, "अक्षता पडल्यावर मामाले मीच सांगीन. तोपर्यंत कोनी काही सुधारू नका." तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. तुम्ही जरूर या, वहिनींना आणा, आठ दिवस राहा. पण दादा, लग्न लागेपर्यंत घरातल्या कोणत्याही यंत्राला हात लावू नका, आणि मामांना बंद करून सुरू करायला सांगू नका.

— ग.