सासरेबुवा, क्युम्युलस आणि मी

सोमवार, ७ ऑक्टोबर. सकाळी
ढगांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. मोबाइलवरचं हवामान आजपासून बंद. ‘पावसाची शक्यता चाळीस टक्के’ हे काय उत्तर झालं? ऑफिसात असं बोललो तर साहेब पगारही चाळीस टक्केच देतील. आपण ठाम बोलायचं. आठवड्याचा अंदाज लिहून लिफ्टशेजारी लावला: बुधवारपर्यंत कोरडं, गुरुवारी पाऊस, रविवारी लख्ख ऊन.
रविवार महत्त्वाचा. सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, जेवण आमच्या गच्चीवर. ताडपत्री बांधायची का, असं हिने विचारलं. मोकळ्या आकाशाखाली जेवायचं तर मध्ये ताडपत्री कशाला, असं मी म्हणालो. ही कुकर लावायला गेली. पटलं असावं.

सोमवार. संध्याकाळी
भिजून आलो. पण ती स्ट्रेटस नावाच्या ढगाची झिमझिम. ती पावसात धरत नाहीत.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
सिरस म्हणजे उंचावरची पिसं. क्युम्युलस म्हणजे कापसाचे ढीग. पोरखेळ आहे. ऑफिसात खिडकीजवळची जागा मागितली, साहेबांनी कपाटामागची दिली. दुपारी धो धो पाऊस झाला म्हणे. शिपायाने सांगितलं. निरीक्षणाची सोयच नसेल तर शास्त्र काय करणार? नाचता येईना अंगण वाकडं, असं हिचं मत. मी अंगणाबद्दल बोलतच नव्हतो. खिडकीबद्दल बोलत होतो.

बुधवार, ९ ऑक्टोबर
खालच्या मजल्यावरचे टेलर आपणहून वर आले आणि आजचा अंदाज विचारला. कोरडं, म्हणालो. त्यांनी आभार मानले आणि छत्री घेऊन बाहेर पडले. जुनी खोड, जात नाही. संध्याकाळी जिन्यात भेटलो तेव्हा मी ओला, ते कोरडे. योगायोग.
मग सासरेबुवांचा फोन. लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी मला कशाबद्दलही मत विचारलेलं नाही. माझ्या घराचा रंगसुद्धा त्यांनी हिला विचारून ठरवला. आज मात्र, जावईबापू, रविवारी आभाळ काय म्हणतंय? लख्ख ऊन, म्हणालो. नक्की का, असं त्यांनी तीनदा विचारलं आणि फारच खूश होऊन फोन ठेवला.

गुरुवार, १० ऑक्टोबर
रेनकोट घालून गेलो. कडक ऊन. मासे पकडायला निघालात का, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. घरी आलो तर अख्ख्या बिल्डिंगच्या दोऱ्यांवर चादरी. पाऊस पडणार म्हणून मी स्पष्ट लिहिलेलं असताना. लोक वाचतच नाहीत.

शनिवार, १२ ऑक्टोबर
चुकून मोबाइल पाहिला. उद्या पावसाची शक्यता ऐंशी टक्के. पण आता शब्द फिरवला तर सासरेबुवा पुन्हा सगळं हिलाच विचारणार. नाही फिरवणार.

रविवार, १३ ऑक्टोबर
सकाळी निळं आकाश. एकच गोंडस क्युम्युलस. पानं मांडेपर्यंत तो टाकीमागून वाढत वाढत काळा झाला. तक्त्यात त्याचं नाव फार लांब आहे, ते वाचेपर्यंत गडगडायला लागलं. गर्जेल तो पडेल काय, असं मी पाहुण्यांना हसून सांगितलं.
पडला.
तेवढ्यात टेलरनी टाकीमागून ताडपत्री ओढली. दोऱ्या सकाळपासूनच बांधलेल्या होत्या. मला वाटलं होतं कपड्यांसाठी. उरलेल्यांनी छत्र्या उघडल्या. प्रत्येकाकडे छत्री होती. सासरेबुवा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की जावईबापूंवर माझा पूर्ण विश्वास आहे, ते ऊन म्हणाले तेव्हाच मी ताडपत्री आणायला सांगितली. सगळे हसले. मीही हसलो, ओला माणूस दुसरं काय करणार? हात दाखवून अवलक्षण.
वाईट वाटलं. या वहीत तरी खोटं कशाला लिहू?

सोमवार, १४ ऑक्टोबर
सासरेबुवांचा पुन्हा फोन. उद्या गाद्या उन्हात घालायच्यात, काय म्हणता? मला तर ऊनच दिसत होतं. पण ऊन म्हणालो तर ते गाद्या घरातच ठेवणार. म्हणून विचार करून पाऊस सांगितला. म्हणजे ते गाद्या बाहेर टाकतील, ऊन पडेल, गाद्या मस्त तापतील. श्रेय मिळालं नाही तरी चालेल. म्हातारा माणूस आहे, सुखाने झोपू दे.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
दिवसभर पाऊस. आयुष्यातला माझा पहिला बरोबर आलेला अंदाज.
सासरेबुवांच्या घरातल्या सगळ्या गाद्या भिजल्या. या माणसाच्या शब्दावर भरवसाच ठेवता येत नाही, असं सासरेबुवा हिला फोनवर म्हणाले. संध्याकाळी सासू-सासरे दोघंही आमच्याकडे झोपायला आले. पलंग त्यांना दिला, सोफा हिने घेतला. मी फ्रिजजवळ फरशीवर सतरंजी टाकून लिहितोय. वर तक्ता आहे. इथून सगळे ढग एकसारखेच दिसतात.
आत्ता सासरेबुवांनी आतून विचारलं, जावईबापू, उद्या काय?
मी घोरायला सुरुवात केली आहे.