तांबोशीचा खवला

रविवार, संध्याकाळ

फिरला! चार दिवस जुन्या स्कूटरच्या इंजिनातला क्रँक छळत होता. केसिंगचे बोल्ट आवळले की जाम, ढिले केले की मोकळा. नवं बेअरिंगच खराब दिलं म्हणून दुकानदाराला फोनवर नको नको ते बोललो. आज पुन्हा उघडलं, तर बेअरिंगमागे काहीतरी चमकलं. बायकोने ते नखाने काढलं आणि हसतच सुटली. "अहो, हा तर तांबोशीचा खवला!" थंड केलं की बेअरिंग सहज बसतं, म्हणून मीच ते फ्रीजरमध्ये तिच्या मासळीवर ठेवलं होतं. एवढासा खवला! जागा पुसून सगळं पुन्हा आवळलं. आता क्रँक एका बोटाने फिरतोय. खवला या पानावर चिकटवलाय. वास येतोय, येऊ दे. दुकानदाराला मात्र कोणत्या तोंडाने सांगू? उद्या जेवायलाच बोलावतो. तांबोशीच करू.