सिग्नल माझ्या हातात

४ जानेवारी
आजपासून केबल बंद. केबलवाल्याला फोन करून स्वच्छ सांगितलं, वायर काढून ने. दोनशे चॅनेल आणि बघण्यासारखं एक नाही. पेपरात आलंय, टेकडीवरच्या ट्रान्समीटरवरून आता डिजिटल प्रक्षेपण सुरू आहे. हवेतून येतं. गच्चीवर अँटेना लावायची, बस.
ही म्हणाली, आईंचं काय? अंथरूण धरल्यापासून आईला टीव्हीशिवाय दुसरं काही नाही. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

७ जानेवारी
अँटेना बसवली. इलेक्ट्रिशियन दिशा विचारायला लागला. त्याला सांगितलं, तू फक्त शिडी धर. मी तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढलेत. दिशा हा माझा विषय आहे. लाल दिव्याचा टॉवर आमच्या गच्चीवरून सरळ दिसतो. अँटेना बरोब्बर त्याच्या नाकासमोर लावली.
स्क्रीन निळा. मधोमध ‘नो सिग्नल’. पूर्वी निदान मुंग्या तरी दिसायच्या. डिजिटलमध्ये तसलं अर्धवट काही नसतं, एकतर पूर्ण नाहीतर शून्य. मला हे तत्त्व आवडलं. सध्या शून्य आहे.

११ जानेवारी
मोठी बातमी. चिमीचा फोन आला. ती प्रादेशिक केंद्रात आतल्या खोलीत बातम्या लिहायची, आता वाचणार. नेहमीची वृत्तनिवेदिका बाळंतपणाच्या रजेवर गेलीय. वीस तारखेपासून मार्चअखेरपर्यंत सातच्या बातम्या आमची चिमी देणार. नंतर पुन्हा आतल्या खोलीत.
आई रडली. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात मला आणि हिला जिन्यात गाठून सांगितलंय की औषधाचं काम संपलं, आता त्यांना आनंदात ठेवा. ही म्हणाली, केबल परत घेऊ या. म्हटलं, माझी मुलगी माझ्या घरात माझ्या अँटेनावर दिसेल. आईला तसा शब्द दिला.

१५ जानेवारी
अजून निळं. आई दिवसभर त्या निळ्याकडे बघत पडते. केंद्राला खरमरीत पत्र टाकायचं ठरवलं. ट्रान्समीटर अशक्त आहे असं स्पष्ट लिहायचं.

१८ जानेवारी
पत्राऐवजी फोनच केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की लाल दिव्याचा टॉवर मोबाइल कंपनीचा आहे. आमची टेकडी तुमच्या पाठीमागे.
म्हणजे माझी दिशा चुकली असं नव्हे. शहर उलट्या बाजूला वाढलंय, त्याला मी काय करणार? अँटेना फिरवली. सिग्नलची पट्टी थोडी हलली. हिला हाक मारून दाखवली. ही कणीक मळत होती, हात धुऊन येईपर्यंत पट्टी गेली.

२० जानेवारी
ऐतिहासिक दिवस. सातला पाच कमी आणि स्क्रीन निळा. वर धावलो. संतापून खांब दोन्ही हातांनी धरला, आणि खालून हिची हाक आली, आलं, आलं. सोडला तर गेलं. धरला तर आलं. मग बातम्या संपेपर्यंत धरून उभा राहिलो.
खाली आलो तर आई हसत होती. चिमी मधूनमधून चौकोन चौकोन होत होती म्हणे, हनुवटी इकडे, कपाळ तिकडे. पण दिसली. मी मात्र नाही पाहिलं. उद्या बघेन. आधी आई.

२४ जानेवारी
रोज धरतोय. चिमीनं कुरियरनं छोटं पार्सल पाठवलंय. आजीसाठी असेल काही. मी अशा गोष्टींत लक्ष घालत नाही.
आज चित्र अजिबात तुटलं नाही, असं ही म्हणाली. माझं तंत्र सुधारलंय. डावा पाय पुढे, कोपर खांबापासून जरा लांब.

२ फेब्रुवारी
टीव्हीमागे काळी डबी दिसली. हिला विचारलं. म्हणाली, स्टॅबिलायझर. एवढासा? पण हल्ली सगळंच लहान निघतं.

९ फेब्रुवारी
बातम्या चालू असताना सटासट शिंका आल्या. खांब सुटला. रुमाल शोधण्यात बराच वेळ गेला. घाबरत खाली आलो, तर कुणाला पत्ताच नाही. आई म्हणाली, आज फार छान वाचलं पोरीनं.
यामागे शास्त्र असणार. इतके दिवस धरल्यामुळे माझ्या हातांचा गुण खांबात उतरला असावा.

१४ फेब्रुवारी
निश्चय: काहीही करून चिमीला स्वतः बघायचं. शरीरात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा माझ्याऐवजी पाण्याची भरलेली बादली खांबाला टांगली आणि सातच्या आत खाली आलो. ही दारातच उभी. म्हणाली, बादलीनं जमत नाही, तुम्हीच लागता.
लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तसाच वर गेलो.

१५ फेब्रुवारी
बादली वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांच्या वाळत घातलेल्या चादरीवर सांडली होती. ते बोलले. मीही बोललो.

२५ फेब्रुवारी
पोस्टमास्तर समेट करायला गच्चीवर आले. मी रोज संध्याकाळी खांबाशी का उभा असतो, असं विचारलं. प्रक्षेपणाचं सगळं तत्त्व समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, पण तुमची वायर तर इथे कुरतडलेली दिसतेय. बहुतेक खारीचं काम.
मी म्हटलं, साहेब, मुळात ही लहर हवेतून येते. वायर नाममात्र. ते चादर घेऊन खाली गेले. पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागणार. वायरला चिकटपट्टी लावायची आहे, सवडीनं.

६ मार्च
आईचं जेवण तुटलंय. फक्त सातच्या बातम्या चालू असताना चार घास खाते, ही भरवते. म्हणजे ते चार घास माझ्यामुळे आहेत. खांदा भरून आलाय, पण तक्रार नाही.
चिमीचा फोन. विचारत होती, बाबा, कशी वाचते मी? म्हटलं, फर्स्ट क्लास, उच्चार तर एकदम स्वच्छ. मग म्हणाली, तुमच्यामुळे आजीला दिसतंय बाबा. माझे डोळे भरून आले. फोन हिच्याकडे दिला.

१७ मार्च
इलेक्ट्रिशियनला सांगितलं, असा क्लॅम्प कर की खांब माणसानं धरल्यासारखा वाटेल. ड्रॉइंग काढून दिलं, तिन्ही बाजूंनी. येतो म्हणाला.

२४ मार्च
आला नाही. त्याच्या दुकानात गेलो. ड्रॉइंगवर चहाचा कप ठेवलेला. येतो म्हणाला.

२९ मार्च
चिमीचं शेवटचं बातमीपत्र परवा. ते मी खाली बसून बघणार, आईच्या शेजारी, खुर्ची टाकून. हिला सांगून टाकलं. क्लॅम्प येवो न येवो. ही आईची वाटी उचलून आत गेली.

३१ मार्च
क्लॅम्प आला नाही. आईचा श्वास आज जड होता, तिला शेवटच्या दिवशी निळा स्क्रीन दाखवायचा म्हणजे पापच. सातला वर गेलो. म्हटलं, अर्धं धरू, अर्धं बघू.
अर्ध्यावर हात बदलताना खांब मुळापासून निखळला. पूर्ण. अँटेनासकट माझ्या हातात. वायर तुटून कठड्यावरून खाली गेली. आईचे घास आठवले. खांब खांद्यावर घेऊन जिना उतरलो, दारात अडकलो, आडवा करून आत शिरलो.
टीव्ही चालू होता. काच पुसल्यासारखं चित्र. चिमी समोरचे कागद गोळा करत होती. केस मागे बांधलेले, मला वाटत होतं त्यापेक्षा मोठी दिसत होती. नमस्कार म्हणाली आणि गेली. मग पाइपांची जाहिरात लागली.
मी अँटेना हातात घेऊन उभा. पहिल्यांदा वाटलं, सिग्नल आता इतका जोरदार झालाय की अँटेनाच लागत नाही. तसं बोललोसुद्धा. ही खाली बघत होती, वाटी हातात तशीच. मग हळू आवाजात म्हणाली, ती डबी चिमीनं पाठवलीय. इंटरनेटवर चालते. पहिल्याच आठवड्यापासून.
म्हटलं, मग मला वर का उभं केलंत?
उत्तर आईनं दिलं. म्हणाली, तू खाली असलास की बोलतोस रे. टॉवर, लहरी, पट्टी. पोरीचं काही ऐकू येत नाही. मीच हिला म्हटलं, राहू दे त्याला वर, तिथे खूश असतो.
खांब पॅसेजमध्ये ठेवला.

१ एप्रिल
चिमीला फोन केला. जुनी बातमीपत्रं पाठव म्हटलं, सगळी नको, एखादं पुरे. म्हणाली, बाबा, रोजच्या बातम्या कुणी जपून ठेवत नाही, त्यावरच दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग करतात. मग म्हणाली, मला वाटायचं तुम्ही एक दिवस तरी कंटाळून खाली याल. आजीला जप म्हणाली.

२ एप्रिल
सात वाजता टीव्ही लावला. नेहमीची बाई रजेवरून परत आलेली. आईनं हातानंच खूण केली, बंद कर. घास घेतला नाही.
तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. घरात चिडीचूप. ही आत भांडी आवरत होती. बऱ्याच वेळानं आईनं डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाली, आता बोल, काय बोलायचं ते.
काही सुचलं नाही.