मिनूनं आधी रिपोर्ट मांगतला

प्रिय शांते,

तुले जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, अन् असे पत्र लिहायचे चोचले मले जमत नाही. पन काल तुझ्या मिनूचं लग्न पक्कं झालं. ते कसं झालं हे बाकीचे नातेवाईक वाकडंतिकडं सांगतीन, म्हनून मीच लिहून राहिलो.

तू गेली तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. तुझे हातपाय ठनकायचे, डोळे पिवळे व्हायचे, अन् सारे म्हनत वात आहे! तुझी सासू दृष्ट काढत बसायची. डॉक्टरनं सिकलसेल म्हनून सांगतलं तेव्हा उशीर झाला होता. काहून चुपचाप सोसलं तू? थोडी भांडली असती तं कोनी लवकर नेलं असतं ना!

माझ्याजवळ वाढलेली मिनू मात्र भांडते. नव्या रायपुरात कॉम्प्युटरवर काम करते. मायबापाकडून रक्तात जे उतरते, जीन म्हनते ते, तेच वाचते ती, हजारो लोकांचं. कोनत्या गावात सिकलसेलची तपासनी आधी न्यायची ते सांगनारं सॉफ्टवेअर बनवलं तिच्या ऑफिसवाल्याईनं. मले सगळं समजत नाही. पन अभनपूरकडच्या एका गावात लहान लेकरांची तपासनी झाली, दुखनं सुरू व्हायच्या आधी. एवढं समजते.

समता कॉलोनीतून स्थळ आलं. पोट्टा निखिल, बँकेत आहे. मी मिनूले म्हटलं, "तुझ्याजवळ साऱ्या जिल्ह्याचं रक्त आहे. त्याचं काढून पाह्य ना गुपचूप!" माझी अख्खी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. कोनाच्या पेटीत काय, ते बिल्टी, मालाची पावती, पाहून सांगत होतो. मले वाटलं तसंच असन.

भडकली ना माझ्यावर! "मामा, उसमें नाम नहीं होते. और होते भी ना, तो भी नहीं देखती. कायदा है."

"मामापेक्षा कायदा मोठा?"

"हव! रोज पेपर पढ़के क्या सुनाती हूँ आपको?"

खरंच, पेपरात येऊन राहिलं ते, लोकांची माहिती त्याईच्या मर्जीशिवाय कोनी वापरू नये म्हनून. मी ऐकतच नव्हतो, चहा पेत होतो.

मंग पाहुने आले. पोहे संपायच्या आतच ही सरळ बोलली, "आई को सिकलसेल था, तो मेरे में आधा है ही. मुझे तकलीफ नहीं. पर निखिल में भी आधा निकला, तो बच्चों को पूरा हो सकता है. जाँच करा लो, फिर सगाई, साक्षगंध."

पोट्ट्याची आत्या फनफनली. "आमच्या घरी असं काही नाही बरं! पोरीच्या जातीनं असं बोलायचं?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही आमच्या पोरीची रास विचारली, नाडी विचारली, गोत्र विचारलं. रक्तच तेवढं तिखट लागलं का?"

आत्या उठली. मागोमाग सारे उठले. गेलं स्थळ! मिनूनं साऱ्या प्लेटा उचलल्या, निखिलची तेवढी राहू देल्ली. तेव्हा दिसलं मले, पोट्टा आवडला होता हिले. अन् तरी बोलली! कोनाची पोट्टी आहे, शांते? तुझी, का माझी?

लय दिवस कोनाचा फोन नाही. काल पोट्टा एकटाच स्कूटीवर आला, रिपोर्ट मिनूच्या हातात देल्ला. "नॉर्मल है. बुआ को मैं देख लूँगा."

मी मुद्दाम विचारलं, "नसतं आलं नॉर्मल तं?"

"तो भी यही दिखाने आता, मामाजी."

मंग कुठं मी त्याले बस म्हटलं.

आता ऐक. मंडपात मिनूले मीच आननार, गुडघे कितीही बोंबलोत. अन् आपल्या घरच्या कोनत्याच लेकराचं साक्षगंध तपासनीशिवाय होऊ देनार नाही, हा माझा शब्द. सोमवारी घरच्या साऱ्याईची तपासनी आहे, पहिलं रक्त मीच देतो. सुईले भेतो मी, हे मिनूले माहीत नाही. तू तिच्या सपनात गेली तं सांगू नको.

तुझा तोच तापट,
दादा