ह्यांचं घोरणं, मामंजींसमोर

९ नोव्हें. ९६
अंबाजोगाईच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हे, मी, मामंजी. ह्यांचा दमा तपासला, मग डॉक्टरांनी मलाच विचारलं, "झोप कशी आहे? घोरतात? मधे श्वास अडकतो का?" सासरे शेजारच्या खुर्चीत. मी पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "चांगली लागते झोप." नवऱ्याचं घोरणं सासऱ्यासमोर काय सांगायचं? आमच्यात असलं बोलत नाहीत. डॉक्टरांनी दम्याच्याच गोळ्या वाढवल्या.
खोटं बोलले मी. घोरता घोरता ह्यांचा श्वास थांबतो, छाती नुसती हलते, आवाज नाही. मग दचकून उठतात आणि तिथून दमा सुरू.

३ डिसें.
गोळ्यांनी भूक फार. सदरे घट्ट, गळ्याचं बटण लागत नाही. दुकानात गादीवर बसल्या बसल्या डुलक्या. आज एक गिऱ्हाईक म्हणालं, "सावकार, तूर हितं मापता का सपनात?" सगळे हसले, हेसुद्धा. मी आतून ऐकलं. लाज वाटली, ह्यांची नाही, माझी.

२० डिसें.
पहाटे पुन्हा तेच. दम्याचा पंप ओढला तेव्हा कुठं बरं वाटलं. वर मलाच म्हणतात, "तू झोप गं, तुला कावून तरास." मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगेन. मामंजी नसले तर. पण ते नसतील कसे, जीप ठरवणार तेच!

८ जाने. ९७
धारूरच्या रस्त्याला हे भर दुपारी मोपेडसकट बाभळीत गेले. चालवताना डोळा लागला. मनगट मोडलं, कपाळाला टाके. समोरून उसाचा ट्रक आला असता तर…
मामंजी येईल त्याला सांगतायत, "बिरेक लागला न्हाई." मीही मान हलवते.

११ जाने.
डॉक्टरांना सांगितलं. मामंजींसमोरच, जमिनीकडे बघत. मामंजी उठून बाहेर गेले.
डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा आतून मिटतो. त्यानं दमा चिघळतो. दम्याच्या गोळ्यांनी वजन वाढतं, मग घसा आणखी मिटतो. "बाई, तेव्हाच बोलला असता तर गोळ्या वाढवल्या नसत्या मी." आता गोळ्या हळूहळू कमी, पंप रोज, कुशीवर झोपायचं. झोपेच्या तपासणीला पुणे.
जीपमध्ये मामंजी हळूच म्हणाले, "पोरी, माझ्यामुळं गप बसलीस व्हय?"

१२ जाने.
पुण्याला कधी जायचं ते ठरतंय. दुपारी ह्यांनी विचारलं, रागानं नाही, "श्वास थांबल्याला दिसायचा तुला. मंग हलवून उठवलं कावून न्हाई?"
चहा उतू जातोय म्हणून आत आले. चहा ठेवलाच नव्हता.
काय सांगू? लग्न झाल्यापासून खोकला, घरघर, घोरणं. श्वास थांबायचा तेवढा वेळ घर शांत व्हायचं, आणि त्या शांततेत माझा डोळा लागायचा.
हे बाहेर बसलेत अजून. दोनदा हाक मारली.