घोरणं थांबलं की

ती. आईस,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं.

माझं काम काय, विचारलंस. पेशंटला गुंगी देऊन घशातून नळी घालतात आणि हृदय तपासतात. तेवढा वेळ त्याचा ऑक्सिजन उतरू न देणं माझ्याकडे.

आज एक काका मजेत घोरत होते. एकदम गप्प झाले, तसे डॉक्टर म्हणाले, "आवाज का बंद झाला?" श्वास अडकला होता. मी जबडा उचलून धरला, तसे पुन्हा घोरायला लागले. मग आमचं काम पुढे चालू.

बाबांचं घोरणं मधेच थांबलं की तुझा डोळा लागतो, म्हणायचीस. आता तसं झालं तर त्यांना कुशीवर वळव. आणि डॉक्टरांना दाखव. मी सांगितलं म्हणू नकोस, बाबा चिडतील.

पुन्हा घोरायला लागले, की मग झोप.

तुझी,
धाकटी